मास्तरांच्या गाण्यातली माझी ओळ

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याची इभ्रत गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर उभी असते. डॉक्टरांचंही तसंच म्हणतात, पण त्यांचा पेशंट निदान "हितं दुखतंय" एवढं तरी सांगतो. कॉम्प्युटर काही बोलत नाही, आणि गिऱ्हाईक जे बोलतं ते बहुतेक चुकीचं असतं. या दोघांच्या मधे साताऱ्यात दुकान मांडून मी निम्मं आयुष्य काढलं. धंद्यातले चार विजय लिहून द्या म्हणून या अंकाच्या संपादकांचा निरोप आला, तेव्हा प्रामाणिकपणे आठवायला बसलो. विजय काही केल्या आठवेनात. फजित्या मात्र न बोलावता येऊन ओळीनं उभ्या राहिल्या. त्यातलीच एक, जिची अजून मान वर करून आठवण काढता येत नाही, ती लिहितो. पण आधी धंदा समजावून सांगायला हवा.

माझं काम लिनक्सचं. म्हणजे काय, ते मी आमच्या आईला असं सांगितलं होतं : कॉम्प्युटर म्हणजे कळप, आणि तो हाकायला एक मेंढका लागतो. एक मेंढका विकत मिळतो, दुसरा फुकट. फुकटवाल्याचं नाव लिनक्स. आई म्हणाली, "फुकटचा मेंढका कळप वाटंला लावंल." आम्ही आटपाडीकडचे धनगर, त्यामुळे या विषयात तिचा अधिकार मोठा. पण खरं सांगायचं तर हा मेंढका इमानी आहे. विकतच्या मेंढक्यानं टाकून दिलेल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवरही तो चालतो. आमच्याकडच्या शाळा, वाचनालयं आणि दुकानांत अशी म्हातारी यंत्रं रग्गड. म्हणून माझी चूल पेटली.

या कामात नव्वद टक्के बिघाड साधे असतात आणि तेच सापडत नाहीत. कोयनानगरच्या एका ऑफिसातून बोलावणं आलं, की लॅपटॉपवर लिनक्स घातल्यापासून वायफाय बंद आहे. घाटातल्या वळणांनी पोटातलं सगळं वर आलेलं, तशा अवस्थेत मी पोचलो. वायफायचं कार्ड, म्हणजे आतली पट्टी, लिनक्सला ओळखू येत नसेल तर तिची ओळख करून देणारी एक फाईल इंटरनेटवरून उतरवावी लागते. आणि इंटरनेट तर त्याच पट्टीवरून येणार. म्हणजे विहिरीत उतरायची शिडी विहिरीत पडलेली. मी मोबाईलवरून फाईल आणली, काळ्या पडद्यावर हुकूम टायपत बसलो, पांढरी अक्षरं सरसर धावू लागली. साहेब मागं उभे राहून शिपायाला म्हणाले, याला म्हणतात नॉलेज. दुपार टळत आली तेव्हा माझ्या करंगळीला लॅपटॉपच्या कडेचा एक बारीक खटका लागला. वायफाय चालू-बंद करायचा. तो बंद होता.

आता सज्जन माणसानं काय केलं असतं? मी तो खटका करंगळीनंच हळूच सरकवला, चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही, आणि पुढं चांगला वेळभर अक्षरं पळवत राहिलो. मग कपाळ पुसत म्हणालो, "झालं साहेब. जरा अवघड केस होती."

पाटणला तर याहून कहर. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर कुठलीच वेबसाइट उघडेना. मी सगळं पुसून लिनक्स नव्यानं घातलं. दोन दिवस चाललं, पुन्हा तेच. पुन्हा घातलं. बिघाड कशाचा होता, तर आतल्या गोल सेलचा. घड्याळात असतो तसला, गोळीएवढा. तो संपला, की लाईट गेल्यावर कॉम्प्युटर तारीख विसरतो, स्वतःला पुरता मागच्या काळात समजतो, आणि आजच्या वेबसाइट त्याला दारात उभं करत नाहीत. दुकानदारानं विचारलं काय झालं होतं, तर माझ्या तोंडून गेलं, "व्हायरस." तो म्हणाला, "पन तुमीच म्हनला हुता, लिनक्सला व्हायरस येत न्हाई." मी म्हटलं, हा पाटणचा लोकल आहे.

अशा गोष्टी मी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना रंगवून सांगत आलो. लोक हसतात, चहा येतो, हात चालू आणि तोंडही चालू. हीच माझी काम करायची पद्धत होती. तिनंच घात केला.

कोरेगावला एका वस्तीत आमचे मास्तर राहतात. शाळेचे नव्हेत, नोकरी साखर कारखान्यात केली, पण भीमगीतांच्या गायन पार्टीचे मास्तर, म्हणून सगळा गाव मास्तरच म्हणतो. गाणी स्वतः रचायची, स्वतः चाल लावायची, आणि पार्टी घेऊन जयंतीला गावोगाव गायची. कागदावर एक ओळ नाही. सगळं डोक्यात आणि गळ्यात. मग घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ते बोलतात ते वाळल्या पानांवरून कुणी चालल्यासारखं. जवळ जाऊन ऐकावं लागतं.

त्यांची गाणी जुन्या कॅसेटवर होती. ती मीच त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून दिली होती; दुसरी नक्कल कुठंच नव्हती. काम झाल्यावर ऐटीत म्हणालो, "आता या कॅसेटी कशाला सांभाळता? बुरशी लागंल. गाणी आता अमर झाली." मास्तरांच्या मंडळी, शांताक्का, काटकसरी बाई. त्यांनी कॅसेटी फोडल्या आणि आतल्या चकचकीत टेपा शाळूच्या रानावर ताणून बांधल्या, पाखरं भ्यावीत म्हणून. वाऱ्यावर त्या फरफरत. मी बांधावर उभा राहून ते बघितलं होतं आणि हसलो होतो.

खंडेनवमीला सकाळी शांताक्कांचा फोन आला. "बिरू, त्ये काळं पडलंय. नुस्ती पांढरी अक्षरं येत्यात. उद्या विहारात गाणी लावायचीत. ये की रं बाबा." उद्या दसरा, म्हणजे त्यांच्याकडं धम्मचक्र प्रवर्तन दिन. आवाज गेल्यापासून त्या दिवशी मास्तरांच्या गाण्यांचाच आवाज विहाराच्या कर्ण्यावर लावत. मास्तर खाली बसून मांडीवर ठेका धरत. तेवढंच त्यांचं गाणं उरलेलं.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येण्यात भिण्यासारखं काही नसतं. लाईट अवेळी गेली, की कॉम्प्युटर जागं कसं व्हायचं हे विसरतो. पेन ड्राइव्हवरून त्याला उठवायचा आणि वाट पुन्हा दाखवायची. फक्त एक नियम : दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला हात लावण्याआधी त्यातलं सगळं आपल्याजवळच्या डिस्कमध्ये उतरवून घ्यायचं. मग खुशाल हात घाला. हा नियम मी दुकानात पाटीवर लिहून लावलाय.

ती डिस्क घ्यायला मी घरात गेलो, तर ती देवापुढं. खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुजतात. वडलांची लोकर कातरायची कातर, त्यांची काठी, कोयता, आणि त्या रांगेत आईनं माझे पेचकस, टेस्टर, लॅपटॉप आणि ती डिस्क मांडलेली. डिस्कला कुंकू, वर झेंडूचं फूल. पुजलेलं हत्यार दसऱ्याला उचलायचं, तोवर हात लावायचा नाही.

मी हात पुढं केला तर आई म्हणाली, "निजल्यात ती आज. उद्या उठतील."

मी तिला सांगू शकलो असतो, की कुणाचं तरी काम अडलंय. तिनं नमस्कार करायला लावून दिलीही असती. पण मला तेव्हा वाटलं काय, तर एवढ्याशा कामाला डिस्क कशाला? गाडीच्या डिकीत एक पेन ड्राइव्ह पूजेतून वाचलेला होता. तो खिशात घातला आणि निघालो. म्हणजे दोष आईच्या पूजेचा नाही. माझ्या आळसाला त्या दिवशी देवाचा आधार मिळाला, इतकंच.

कोरेगावला पोचलो. मास्तर खुर्ची घेऊन शेजारी बसले. शांताक्कांनी चहा आणला आणि हौसेनं म्हणाल्या, त्यो कोयनेचा खटका सांग की यास्नी. मला तेवढंच हवं होतं. मी सुरू झालो. इकडं पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर उठवला, वाट दाखवायचा हुकूम दिला. तो ऐकेना. मग ठरवलं, लिनक्सच नव्यानं घालू. त्यात गाणी जात नाहीत. गाण्यांचा कप्पा मी वेगळा ठेवला होता. तो तसाच राखून बाकीचं नवं करता येतं. त्यासाठी पडद्यावर प्रश्न येतो : जुनं राखून घालू, की सगळं पुसून घालू?

मी तेव्हा घाटातल्या ओकारीपाशी होतो. मास्तरांना आवाज नाही, पण हसू येतं; खांदे हलतात. ते हलताना बघून मी रंगात आलो. एक उत्तर निवडलं. पडद्यावर आलं, खात्री आहे ना? असे प्रश्न आम्ही वाचत नाही. देवळातल्या घंटेसारखे वाजवून आत जातो. वाजवली.

करंगळीनं खटका सरकवल्याचा अभिनय करून दाखवला, दोघं हसली, आणि मी पडद्याकडं वळलो. सगळं पुसून झालं होतं. नव्या फाईली आत भरणं चाललं होतं.

भिंतीवरची पिन उपसून काढली. मास्तरांनी खुणेनं विचारलं, काय झालं?

आमच्या धंद्यात एक वाक्य आहे. डॉक्टरांचं "तुम्ही उशिरा आणलंत" असतं, तसं आमचं. ते मी म्हणालो.

"हार्डडिस्क गेली, मास्तर."

मास्तरांनी खुर्ची पुढं ओढली. मग माझ्या जवळ तोंड आणून त्या पानांच्या आवाजात म्हणाले, "माजंच चुकलं. काल लाईट जात-येत हुती. बंद कराय पायजे हुता." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्या.

एवढ्यावर मी उठून पळालो असतो तरी बरं झालं असतं. पण शांताक्कांनी ताट वाढलं. कोरेगावच्या घेवड्याची आमटी आणि गरम भाकरी. उपाशी जाऊ देईनात. मी जेवलो. आमटी मागून घेतली, कारण कमी जेवलो असतो तर संशय आला असता. मग त्यांच्या कॉम्प्युटरला दुकानातली दुसरी डिस्क बसवून देतो म्हणालो, आणि "मेलेली" डिस्क खिशात घालून निघालो.

दसऱ्याला विहारात मोबाईलवरून कुणा दुसऱ्याची गाणी लावली, असं नंतर कळलं. मास्तर आले, बसले, मांडीवरचा हात काही हलला नाही म्हणे.

आता पुसणं म्हणजे काय, तेही सांगतो, कारण माझी पुढची लबाडी त्यावर उभी आहे. कॉम्प्युटर पुसतो म्हणजे घरं पाडत नाही, दारांवरच्या पाट्या काढतो. नवा माणूस जोवर त्या घरात राहायला येत नाही, तोवर जुनं सामान आत तसंच असतं. मी पिन उपसेपर्यंत थोड्याच घरांत नवी माणसं शिरली होती. घरं धुंडाळून सामान बाहेर काढणारे प्रोग्राम लिनक्सवर फुकट मिळतात. मी डिस्क दुकानात लावली आणि शटर अर्धं ओढून बसलो. गाणी निघू लागली. नावं गेलेली, नुसते आकडे. बरीच धड होती. काहींच्या मधल्या ओळीच नव्हत्या. तिथं दुसऱ्याचं सामान शिरलं होतं. मास्तरांचा तो जुना आवाज दुकानात भरला. दोन चढाव एका दमात चढणारा. ढोलकी, टाळ्या, मागं बायांचा कोरस. आणि मधेच खळ्ळकन खड्डा.

तेव्हा तरी मला रडू यायला हवं होतं. माझ्या डोक्यात आलं ते असं : मेलेल्या डिस्कमधून गाणी काढणारा बिरू! मी गाणी नव्या डिस्कमध्ये भरली आणि कोरेगावला गेलो ते नवरदेवासारखा.

मास्तरांना पहिलं गाणं लावून दाखवलं. त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. शांताक्का चुलीपुढनं उठून आल्या, त्यांच्या हाताला पीठ तसंच. मी म्हणालो, लई झटलो, पुण्याच्या माणसाला पण जमलं नसतं. हे वाक्य मी खरोखर म्हणालो. शांताक्कांनी तिथल्या तिथं ठरवलं, की येत्या पौर्णिमेला विहारात माझा सत्कार करायचा. फूल, पुस्तक आणि शाल. मास्तरांनी मान डोलावली. आक्का तर शेजारणीला हाक मारून सांगायला निघाल्यासुद्धा.

मी खोटं पुष्कळ बोललोय. पण खोट्याबद्दल शाल अंगावर घ्यायची वेळ आली नव्हती. शांताक्का उंबऱ्यात पोचल्या तेवढ्यात म्हणालो, "आक्का, थांबा. डिस्क गेली नव्हती. मी पुसली. गोष्ट सांगायच्या नादात."

त्या वळल्या. मला वाटलं शिव्या देतील. शिव्यांची तयारी होती. त्यांनी विचारलं ते भलतंच.

"म्हंजी मी तुला जेवाय वाढलं, तवा तुला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"आन् तू आमटी मागून घेतलीस."

त्या आत गेल्या. माझ्यापुढचा चहाचा कप होता तो उचलून घेऊन गेल्या.

मास्तर बसून होते. त्यांनी खुणेनं सांगितलं, तुटलेली तेवढी काढ. मी एकेक लावू लागलो. विहिरीच्या गाण्यापाशी त्यांनी हात वर केला. त्यात आई घागर घेऊन विहिरीच्या काठाशी उभी आहे, आणि पुढचीच ओळ खड्ड्यात गेलेली. मास्तरांनी मला जवळ ओढलं आणि कानात ती ओळ कुजबुजले :

"पानी हाय म्होरं, हात पोचू देत न्हाई."

मग माझ्या मोबाईलकडं बोट दाखवलं. रेकॉर्ड कर. आणि माझ्याकडं बोट दाखवलं. म्हन.

मी हबकलो. "मास्तर, माझ्या आवाजाला मेंढरं बी वळत न्हाईत. वस्तीत गाणारी पोरं हायती, त्यांच्याकडनं..."

"तोडताना गळ्याचा इचार केलतास का?" ते म्हणाले. "म्हन."

त्यांनी मांडीवर ठेका धरला. मी म्हणालो. चाल चुकली. त्यांनी मान हलवली, पुन्हा कानात ओळ सांगितली. पुन्हा म्हणालो. ठेका चुकला. ती ओळ मला जमत नव्हती याचं एक कारण गळा. दुसरं असं, की आमच्या गावातही तसली एक विहीर होती, आणि माझी आजी तिच्या काठावरनं गावाबाहेरच्या वस्तीतल्या बायांच्या घागरीत वरूनच पाणी ओतायची. लहानपणी मी ते बघितलंय. त्यात काही वावगं आहे हे मला तेव्हा वाटलं नव्हतं. आता ती ओळ मीच म्हणायची होती, मास्तरांच्या आईची, माझ्या तोंडानं. आवाज फाटला. मास्तर म्हणाले, "हां. आसंच ठेव."

सगळे खड्डे भरायला बरेच रविवार गेले. मी साताऱ्याहून जायचो, मास्तर कानात ओळ सांगायचे, मी बोंबलायचो, मग दुकानात बसून माझे तुकडे त्यांच्या गाण्यात सांधायचो. शांताक्का पहिले दोन-तीन रविवार बोलल्या नाहीत. पुढं एकदा आतूनच म्हणाल्या, "आरं, त्यो शब्द तोडून म्हनू नगंस, पार्टीत आमी लांबवून म्हनायचो." आणि स्वतः म्हणून दाखवला. मी त्यांना विनवलं, आक्का, मग तुम्हीच म्हणा की, तुमचा गळा गोड आहे. त्या म्हणाल्या, "मी कशाला म्हनू? मी काय पुसलंय?" चहा मात्र त्या दिवसापासून पुन्हा येऊ लागला. जेवण कधीच नाही.

जयंतीला विहारापुढं मांडव पडला. कर्णे लागले. कॉम्प्युटर आणि मिक्सर सांभाळायला अर्थातच मी. मास्तर पहिल्या ओळीत, मांडीवर हात. विहिरीचं गाणं सुरू झालं. तो भरदार आवाज मांडवातून बाहेर पडून रस्त्यापर्यंत गेला. उभी माणसं खाली बसली. आई घागर घेऊन काठाशी येऊन उभी राहिली, आणि पुढची ओळ मला ठाऊक होती. अख्ख्या वस्तीपुढं आता माझं बोंबलणं येणार. मिक्सरवरचं आवाजाचं बटण माझ्या बोटाखाली होतं. एक ओळ खाली ओढायचं, पुन्हा वर करायचं. कोणाला कळलंही नसतं. कर्ण्यात दोष म्हणाले असते. असले खटके हळूच सरकवण्यात तर माझी हयात गेली.

बोट हललं. तेवढ्यात मास्तरांनी मागं वळून बघितलं. रागानं नाही. ठेका धरलेला हात तसाच चालू, आणि नजर माझ्या बोटावर.

मी हात उचलून मागं बांधला. कर्ण्यातून मी आलो. बायांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं, एक पोरगं म्हणालं, ह्यो कोन रं बेंबाटतोय? माझे कान तापले. मास्तर पुढं वळले, आणि त्या ओळीवर त्यांच्या मांडीवरचा ठेका जरा जास्त जोरात पडला, माझा ताल चुकू नये म्हणून.